लिलावातील पाद्रीबाबांचे तैलचित्र: घ्यावे की सोडावे?

पत्र: "बार्देशातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या पुढच्या चार खोल्या आम्ही पर्यटकांसाठी होमस्टे म्हणून तयार करीत आहोत. बैठकीच्या खोलीत गोव्याच्या इतिहासाशी नाते सांगणारे एखादे जुने चित्र असावे, अशी माझी इच्छा आहे. मुंबईतील एका लिलाव संस्थेच्या ऑनलाइन यादीत मला असे चित्र आढळले. त्याचे वर्णन 'धर्मगुरूचे व्यक्तिचित्र, कॅनव्हासवर तैलरंग, इंडो-पोर्तुगीज, अठरावे शतक, योहान झोफनीचा अनुयायी, गोव्यातील एका घराण्याच्या संग्रहातून' असे दिले आहे. आकार 30 बाय 25 इंच असून अंदाजे किंमत दीड ते दोन लाख रुपये आहे. संस्थेच्या माणसाने फोनवर सांगितले की, हे चित्र संमोहनविद्येचे आद्य अभ्यासक मानले जाणारे गोमंतकीय पाद्री आबे फारिया यांचे असण्याचीही शक्यता आहे. पुढून-मागून काढलेली छायाचित्रे सोबत पाठवीत आहे. चित्र अस्सल आहे का, किंमत योग्य आहे का, आणि पुढे एखाद्या परदेशी पाहुण्याने चांगला भाव दिला तर विकता येईल का? घरातील मंडळींचे म्हणणे असे की, कोणा परक्याचा पूर्वज आपल्या बैठकीत कशाला टांगायचा? कृपया मार्गदर्शन करावे." (एक वाचक, बार्देश)

उत्तर:

स. न. वि. वि.

आपण मागील बाजूची छायाचित्रेही आठवणीने पाठवलीत, याबद्दल आधी आभार मानतो. चित्र विकत घेऊ पाहणारे बहुतेक लोक केवळ चेहरा पाहतात आणि निम्मा मजकूर ज्या बाजूला असतो ती बाजू पाहायचीच राहून जाते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्या छायाचित्रांतील गृहस्थ गोव्याचे पाद्री नाहीत, आबे फारिया तर मुळीच नाहीत. ते अठराव्या शतकातील इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक आहेत, असे चित्रातील प्रत्येक खूण सांगते. चित्र जुने दिसते आणि बरेही आहे. परंतु आपण ज्या कारणासाठी ते घेऊ इच्छिता, ते कारण त्यात नाही.

पोशाखापासून सुरुवात करू. हनुवटीखाली लोंबणाऱ्या दोन पांढऱ्या कापडी पट्ट्या पाहा. म्हापशाच्या न्यायालयात वकील मंडळी आजही गळ्याशी लावतात, त्याच या पट्ट्या, आणि वकिलांकडेही त्या इंग्लंडमधूनच आल्या. काळा पायघोळ झगा, त्यावर या पट्ट्या आणि डोक्यावर पांढरट केसांचा टोप हा अठराव्या शतकातील इंग्रज पाद्र्याचा नेहमीचा वेष होता. टोप घालण्याची ही पद्धत इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मागे पडली, त्यामुळे चित्राचा काळही त्यातून साधारण ठरतो. फ्रान्समधील पाद्रीही गळ्याखाली पट्ट्या लावत असत, पण त्या बहुधा काळ्या कापडाच्या आणि पांढऱ्या किनारीच्या असत. आपल्या चित्रातील पट्ट्या संपूर्ण शुभ्र आहेत.

हेच चित्र गोव्यातील एखाद्या धार्मिक संघाच्या (व्रतस्थ पाद्र्यांच्या संघटनेच्या) पाद्र्याचे असते, तर त्याचा वेष तो संघ सांगून गेला असता. फ्रान्सिस्कन असता तर तपकिरी झगा आणि कमरेला गाठी मारलेली दोरी, ऑगस्टिनियन असता तर काळा झगा आणि चामड्याचा पट्टा, डॉमिनिकन असता तर पांढऱ्या वस्त्रावर काळे प्रावरण. बिशप असता तर छातीवर क्रूस दिसला असता. संघांचा विचार करताना एक साल लक्षात ठेवावे. पोर्तुगाल सरकारने 1834 मध्ये धार्मिक संघ बरखास्त केले आणि पुढच्याच वर्षी तो हुकूम गोव्यात अमलात आला. त्यामुळे संघाच्या वेषातील गोव्याच्या पाद्र्याचे चित्र कोणी आपल्यापुढे ठेवले, तर ते 1835 च्या आधीचे आहे की नंतर केलेली प्रत आहे, हा पहिला प्रश्न विचारावा. आपल्या चित्राबाबत तो प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी खूण आकाराची आहे आणि मला ती पोशाखाइतकीच बोलकी वाटते. 30 बाय 25 इंच हा योगायोगाने आलेला आकार नव्हे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये व्यक्तिचित्रांचे कॅनव्हास ठरावीक मापांत तयार मिळत, चित्रकाराचा दरही त्या मापांवर ठरे, आणि डोके-खांदे दाखवणाऱ्या चित्रासाठी 30 बाय 25 हेच सर्वांत प्रचलित माप होते. शिवाय आपल्या चित्रात चारही कोपऱ्यांत तपकिरी रंग भरून मध्ये अंडाकृती खिडकीचा आभास निर्माण केला आहे. तीही इंग्रज व्यक्तिचित्रांतील नेहमीची क्लृप्ती. याउलट पोर्तुगीज परंपरेतील मानाच्या चित्रांवर नाव, हुद्दा, काळ सांगणारा लेख आणि बहुधा कुलचिन्ह रंगवलेले असते. आपल्या चित्रावर एक अक्षरही नाही.

यावर विक्रेता म्हणेल की, इंग्रज पाद्री गोव्यात आलेच नव्हते काय? आले होते. 1799 नंतर काही वर्षे इंग्रजांची फौज गोव्यात तळ देऊन होती, दोनापावला येथे त्या काळाची इंग्रजांची दफनभूमी आहे, आणि ईस्ट इंडिया कंपनीचे पाद्री क्लॉडियस ब्यूकॅनन 1808 मध्ये जुन्या गोव्याला येऊन गेले होते. परंतु इंग्रज पाद्री गोव्यात येऊ शकत होता, यावरून हा इंग्रज पाद्री गोव्यात आला होता असे सिद्ध होत नाही. लिलावाच्या यादीत अशी 'शक्यता' पैशांत मोजली जाते, म्हणून तिथे अधिक सावध राहावे.

आता फारिया. जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म 1756 मध्ये कांदोळीला झाला. 1771 मध्ये वडिलांबरोबर ते लिस्बनला गेले, पुढे रोममध्ये पाद्री झाले आणि 1819 मध्ये पॅरिसमध्ये वारले. गोव्यात ते परत आले नाहीत. झोफनी हा जर्मनीत जन्मलेला आणि लंडनमध्ये नावारूपाला आलेला चित्रकार 1783 ते 1789 या काळात हिंदुस्थानात होता आणि त्याचे येथील काम मुख्यतः कलकत्ता व लखनौ येथले आहे. म्हणजे झोफनी हिंदुस्थानात आला तेव्हा फारिया येथे नव्हते. ज्या यादीत एकाच ओळीत 'इंडो-पोर्तुगीज' आणि 'झोफनीचा अनुयायी' असे दोन्ही लिहिले आहे, आणि फोनवर तिसरेच नाव सांगितले जाते, तेथे लिहिणाऱ्याने ग्राहक जिकडे वळेल तिकडे दार उघडे ठेवले आहे असे समजावे. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला आणि 1945 मध्ये उभारलेला फारियांचा पुतळा गोव्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे कोणत्याही काळ्या झग्याला ते नाव चिकटवणे सोपे जाते.

'अनुयायी' या शब्दाचा लिलावातील अर्थही जाणून घ्या, कारण त्यावर आपले पैसे अवलंबून आहेत. यादीत केवळ चित्रकाराचे पूर्ण नाव असेल, तर चित्र त्याचेच आहे असे संस्थेचे मत असते. 'अॅट्रिब्यूटेड टू' म्हटले तर बहुधा त्याचे, पण खात्री नाही. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या काळातील, त्याच्या जवळपासचा कोणीतरी. 'फॉलोअर ऑफ', म्हणजेच अनुयायी, याचा अर्थ त्याच्या धर्तीवर काम करणारा कोणी अज्ञात चित्रकार, ज्याने मूळ चित्रकाराला पाहिलेलेही नसेल. 'मॅनर ऑफ' असेल तर चित्र बऱ्याच नंतरचे असू शकते, आणि 'आफ्टर' म्हणजे सरळसरळ नक्कल. तेव्हा आपल्या यादीतील ओळीचा व्यवहारी अर्थ 'चित्रकार माहीत नाही' एवढाच होतो.

मागील बाजूकडे वळतो, कारण या चित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तिथेच आहे. कॅनव्हासला मागून दुसऱ्या कापडाचे अस्तर चिकटवलेले दिसते. ही जुनी दुरुस्ती असून त्यात वावगे काही नाही. मात्र अस्तरामुळे मूळ कापडाची वीण आणि त्यावर काही लिहिलेले असेल तर ते झाकले जाते. ज्या लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणला आहे, तिच्या कोपऱ्यांत लहान पाचरी आहेत. अशा पाचरीच्या चौकटी अठराव्या शतकाच्या मध्यापासून वापरात आल्या. कडेला ठोकलेले खिळे गोल तारेचे दिसतात, आणि तसे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास झाले, यावरून अस्तर घालण्याचे काम तेव्हाचे किंवा त्यानंतरचे असावे. या सर्वांहून महत्त्वाचा आहे वरच्या आडव्या लाकडावरचा फाटका कागद. छायाचित्र मोठे करून पाहिले तर त्यावर इंग्रजीत 'रेव्ह.' आणि पुढे एका आडनावाची पहिली तीन अक्षरे तपकिरी शाईत वाचता येतात. त्याच्या खाली काळ्या रंगात छापल्यासारखा अंक आहे. लंडनच्या मोठ्या लिलाव संस्था आपल्याकडे आलेल्या चित्रांच्या मागे असे अंक उमटवीत आणि त्यांच्या दप्तरांत त्यावरून मागचा विक्रेता सापडू शकतो. संस्थेला सांगून या कागदाचे आणि अंकाचे जवळून, तिरप्या प्रकाशात काढलेले छायाचित्र मागवा. इंग्लंडच्या चर्चमधील 1540 ते 1835 या काळातील धर्मोपदेशकांच्या नेमणुकांची मोठी सूची इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे, आणि 'आर्ट यूके' या संकेतस्थळावर तेथील सार्वजनिक संग्रहांतील तैलचित्रे पाहता येतात. आडनाव पुरते लागले, तर या गृहस्थांचे गाव आणि चर्चही कळण्याची शक्यता आहे. नाव लागलेल्या चित्राला निनावी चित्रापेक्षा बाजारात अधिक मान असतो, हे संस्थेला ठाऊक असूनही तिने तो कागद यादीत नोंदवलेला नाही. कदाचित त्या नावामुळे 'इंडो-पोर्तुगीज' हा शब्द टिकला नसता.

अस्सलपणाविषयी छायाचित्रावरून जेवढे बोलता येते तेवढे बोललो. पुढचे काम प्रत्यक्ष पाहूनच करावे लागेल. मुंबईला लिलावाआधी चित्रे पाहण्याची सोय असते, तिचा लाभ घ्या आणि सोबत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च न्या. जुने राळेचे व्हार्निश त्या प्रकाशात हिरवट चमकते, आणि त्यावर नंतर कोणी रंग लावला असेल तर तो भाग काळपट डाग म्हणून उठून दिसतो. झग्याच्या काळ्या भागात डाग असतील तर काळजी नाही. चेहऱ्यावर असतील तर आपण अठराव्या शतकाचे पैसे देऊन विसाव्या शतकाचा चेहरा घेत आहोत, असे समजा. हे आपल्याकडेही घडले आहे. जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या चित्रांचे दालन आहे. दों जुआंव द कास्त्रो याने 1547 मध्ये सुरू केलेल्या या मालिकेतील कितीतरी चित्रे पुढच्या दुरुस्त्यांत वरून पुन्हा रंगवली गेली आहेत. मुंबईला जाण्याआधी एक दुपार त्या दालनात घालवा आणि त्याच वाटेवर सांता मोनिका कॉन्व्हेंटमधील ख्रिस्ती कला संग्रहालयही पाहा. गोव्यात रंगवलेले चित्र कसे दिसते हे डोळ्यांत बसले की मुंबईच्या दालनात उभे राहून माझ्या उत्तराची गरज भासणार नाही.

किमतीबाबत मी थोडा कठोर आहे. इंग्रज व्यक्तिचित्रांच्या बाजारात सुंदर स्त्रिया, मुले आणि नौदलाचे अधिकारी यांना मागणी असते. निनावी पाद्र्यांना ती सर्वांत कमी, कारण ते संख्येने पुष्कळ आहेत आणि सगळे काळ्या कपड्यांत आहेत. इंग्लंडमधील गावोगावच्या लिलावांत अशी चित्रे काही शे पौंडांत जातात. दीड-दोन लाखांतील मोठा हिस्सा 'गोवा' या शब्दाचा आहे, आणि तो शब्द या चित्राला लागू नाही. मी आपल्या जागी असतो तर बोली सत्तर हजारांच्या पुढे नेली नसती. हातोडी पडते ती किंमत अखेरची नसते, हेही ध्यानात ठेवा. समजा खरेदीदाराकडून वीस टक्के कमिशन घेतात, तर सत्तर हजारांचे लगेच चौऱ्याऐंशी हजार होतात, त्यावर कर, खोके, विमा आणि गोव्यापर्यंतची वाहतूक धरता लाखाला हात लागतो. देवळाच्या पावणीत (देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात) भक्तीपोटी शेवटचा आकडा बोलणारे आपण गोंयकार लोक लिलावाच्या संगणकापुढेही तसेच भरीस पडतो. म्हणून वरची मर्यादा आधीच लेखी कळवावी आणि लिलावाच्या वेळी फोन घरी कोणाच्या तरी हाती देऊन ठेवावा.

'गोव्यातील एका घराण्याच्या संग्रहातून' या वाक्याचा खुलासा मात्र बोली लावण्याआधी लेखी घ्याच, चित्र इंग्रज असले तरीही. मालकाचे नाव गुप्त ठेवण्याचा संस्थेला अधिकार आहे, पण चित्र त्या घरात केव्हापासून आहे आणि विकणाऱ्याकडे ते कसे आले, हे सांगण्यास अडचण नसावी. यामागे आपल्याकडचे एक खास कारण आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात पती-पत्नीचा मालमत्तेत समान वाटा आणि मुलांचा डावलता न येणारा हिस्सा असतो, आणि भिंतीवरचे चित्रही मालमत्तेतच मोजले जाते. आफ्रिकेत किंवा पोर्तुगालमध्ये असलेल्या एखाद्या भावंडाला न विचारता घरातील वस्तू मुंबईला पोहोचल्या, तर पुढे वाद उभा राहू शकतो आणि चित्र आपल्या भिंतीवर असताना उभा राहतो. चित्र एखाद्या इगर्जीतून (चर्चमधून) किंवा कपेलातून (छोट्या प्रार्थनामंदिरातून) आले असेल तर प्रकरण आणखी नाजूक होते. कॅथलिक चर्चच्या नियमांनुसार कला किंवा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू विकण्यास रोमची परवानगी लागते, विगाराची, म्हणजे तेथील मुख्य पाद्र्याची, सही पुरत नाही. आपल्या इंग्रज गृहस्थांच्या बाबतीत ही शक्यता कमी आहे, पण पुढे कधी खरोखर गोव्याच्या पाद्र्याचे चित्र घेण्याचा योग आला तर हा पहिला प्रश्न असू द्या.

आता परदेशी पाहुण्याला विकण्याविषयी. शंभर वर्षांहून जुने चित्र 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याखाली पुरावशेष ठरते. तो कायदा 1976 पासून लागू आहे, आणि असे चित्र देशाबाहेर नेण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे. नेल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड, अशी शिक्षा आहे. पाहुणा कितीही भाव देवो, चित्र त्याच्या सामानातून जाऊ शकणार नाही. देशातल्या देशात विकता येईल. विकणाऱ्या संस्थेकडे पुरावशेषांच्या व्यापाराचा परवाना आहे ना, आणि या चित्राची नोंदणी झाली आहे का, हे विचारा. नोंदणी असेल तर मालकी बदलल्याचे नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. नसेल तर ती आवश्यक आहे का, याची विचारणा पुरातत्त्व खात्याकडे आधीच करावी. बिलावर चित्राचे पूर्ण वर्णन, माप आणि काळ लिहून घ्या. 'जुने चित्र, एक नग' असे बिल आपल्या उपयोगाचे नाही.

घरातील मंडळींच्या आक्षेपाला माझ्याकडे युक्तिवाद नाही, कारण मला तो पटतो. बैठकीत आल्या-गेल्याने 'हे कोण?' म्हणून विचारल्यावर आपण काय उत्तर देणार, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. फाटक्या कागदावरचे नाव लागले आणि 'इंग्लंडमधल्या अमुक गावचे पाद्री' असे उत्तर देता आले, तर त्यांचा विरोध मावळेल असे मला वाटते. नाव न लागता चित्र घेतले आणि पाहुण्यांना 'आमच्या गोव्याचे जुने पाद्री' असे सांगत बसावे लागले, तर ते योग्य होणार नाही. बैठकीत गोव्याचाच चेहरा हवा असेल, तर दुसरी वाट आहे. अंतोनियो शावियेर त्रिंदाद (1870 ते 1935) या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेल्या गोमंतकीय चित्रकाराची व्यक्तिचित्रे पणजीला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या संग्रहात आहेत, ती पाहून या. त्या तोडीचे चित्र आपल्या आवाक्यात येणार नाही, पण त्या परंपरेत आजही काम करणारे चित्रकार गोव्यात आहेत आणि आपल्याच आजोबांचे छायाचित्र देऊन एखाद्याकडून तैलचित्र करून घेणे एका लाखाहून स्वस्त पडेल.

एवढे करूनही चित्र आवडले म्हणून घेतलेत, तर जपणुकीचे थोडे पथ्य पाळावे लागेल. चिऱ्याची बाहेरची भिंत पावसाळ्यात पाणी धरते, तेव्हा ते आतल्या भिंतीवर, मागे बोटभर हवा खेळेल असे टांगा. समईचा किंवा उदबत्तीचा धूर आणि खिडकीचे ऊन लागू देऊ नका. ओले फडके, खोबरेल तेल, कापलेला बटाटा यांपैकी काहीही चित्राला लावू नका, कोणी कितीही शपथेवर सांगितले तरी. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी आणि मागच्या लाकडात कसर किंवा वाळवी दिसते का, हे दर महिन्याला पाहावे. रंगाचे पापुद्रे सुटू लागले तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन केंद्राशी पत्रव्यवहार करावा. लिलाव जूनमध्ये आहे, तेव्हा बोली लागली तरी चित्र भर पावसात घाटातून आणू नका. संस्थेशी बोलून ते चतुर्थी आटोपेपर्यंत त्यांच्याच गोदामात ठेवण्याची सोय करा, आणि त्या मुदतीचे भाडे किती हे बोली लावण्याआधी विचारून घ्या.